हौदावरची शीळ

लेबनॉनच्या डोंगरात, शांतिसेनेच्या आमच्या चौकीखाली एक दगडी हौद आहे. रोज सकाळी एक म्हातारा तिथं आपली तांबडी गाय पाण्याला आणतो. त्याची भाषा मला येत नाही, आणि तारेपलीकडे जायची मला परवानगी नाही. तुकडीत मराठी मी एकटाच.

एकदा आमच्या गाडीच्या आवाजानं गाय बुजली, पाण्याला तोंडच लावेना. म्हाताऱ्यानं ओठांचा चंबू केला, पण दात नसल्यानं नुसती हवा फुसफुसली. मी चमकलो. बैल पाणी पिताना माझे वडील अशीच शीळ घालायचे! पुढं घरी ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि शीळ माझ्या तोंडात तशीच राहिली.

मी वरून बारीक, लांब शीळ घातली. गाईनं कान हलवले आणि हौदात तोंड घातलं. “शुक्रान,” म्हातारा वर बघून म्हणाला. एवढा आभाराचा शब्द मला कळतो.

तेव्हापासून तो हौदापाशी येऊन वर बघत थांबतो. मी शीळ घालतो, गाय पिते.

परवा आमची तुकडी परत निघतेय. सगळे खुशीत सामान बांधताहेत. “घर नहीं जाना क्या?” शेजारच्या खाटेवरचा हवालदार मला विचारतो.

जायचंय की. पण तिथं माझ्या शिळेवर पाणी पिणारं आता कुणी नाही.