बाबांच्या डाव्या हाताची जागा

आम्ही गोसावी. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, बसवतात. खड्ड्यात मांडी घालून, उत्तरेला तोंड करून बसवायचं, भोवती मीठ भरायचं, बेल वाहायचा, आणि माती झाली की वर दगडी ओटा बांधून त्यावर महादेवाची पिंड ठेवायची. मंगरूळपीरच्या अलीकडे आमचं गाव आणि गावाबाहेर नाल्याकाठी आमच्या समाध्या. सगळ्यात जुने ओटे भोसल्यांच्या काळातले म्हणतात. ते जोडीजोडीनं आहेत, नवऱ्याच्या डाव्या हाताला बायको. नवरा आधी गेला तर डावीकडची जागा मोकळी सोडून तिथे एक दगड रोवून ठेवायचा. लहानपणी आम्ही तिथेच खेळायचो. कुठला दगड कोणत्या आजीचा हे आम्हाला पाठ असायचं, आणि ती आजी शेजारच्या शेतात गोवऱ्या वेचत असायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

बाबांना सगळं वऱ्हाड ओळखायचं. ते किती वेळा तुरुंगात गेले ते शाळेतली पोरं धडाधड सांगतात. मला सांगता येत नाही. मला आठवतो तो त्यांचा खोकला. शेवटच्या तुरुंगवासातून ते तो घेऊन आले आणि स्वातंत्र्य यायच्या आधीच गेले. काकांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, त्यांना आजोबांच्या ओळीत बसवलं आणि डाव्या हाताला मायचा दगड रोवला. तो तिनं स्वतः नाल्यातून निवडून आणला होता, काळा आणि गुळगुळीत.

माय बोलायला तिखट होती. बाबा घरी असले की ओसरीवर सभा, नसले की तुरुंगात, असा तिचा संसार. दोघांना शेजारी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. लग्न होऊन मी धनजला गेले. एकदा तिथून माहेरी आले असताना आम्ही दोघी तूर पाखडत बसलो होतो, तेव्हा ती हसत हसत म्हणाली, "आमचा संसार झालाच कुठी? तो आता तिथीच होईन. बसीन त्याईच्या बाजूले. तिथं कोणी त्याईले बोलवाले येत नाही."

ती हसत होती, पण ती थट्टा नव्हती. तिला आयुष्यात दुसरं काही हवं असल्याचं मला आठवत नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर लोकांना बाबांची आठवण यायला लागली. मंगरूळपीरच्या एका वकिलांनी स्मारक समिती काढली. वकील वाईट माणूस नव्हते हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. ते बाबांबरोबर तुरुंगात होते आणि बाबांचा विषय निघाला की त्यांचे डोळे भरायचे. अर्ज आधी नागपूरला गेले, मग राज्य बदललं तेव्हा मुंबईला गेले, आणि शेवटी एकदाची मंजुरी आली. बाबांच्या ओट्यावर संगमरवरी फरशी बसली. शेजारी सिमेंटचा चौथरा, चौथऱ्यात झेंड्याचा लोखंडी खांब, सगळ्याला लोखंडी जाळी, जाळीला दार आणि दाराला कुलूप. शेळ्या आत जाऊ नयेत म्हणून किल्ली वकिलांनी स्वतःकडे ठेवली.

चौथरा मायच्या जागेवर आला. गवंड्यांनी तिचा दगड उपटून जाळीबाहेर टाकला. वकिलांच्या घरी माणसं जाळतात. मेलेल्याच्या शेजारी बायकोसाठी जागा राखायची असते हे जाळणाऱ्याला कसं सुचावं? त्यांना ती मोकळी जागा दिसली आणि त्यांनी ती वापरली. पण काकांना तर सगळं ठाऊक होतं. भावाच्या नावाचा एवढा गाजावाजा होतोय म्हटल्यावर ते हवेतच होते. वेळ आली की फोडू, सिमेंटच तर आहे, असं त्यांनी मायला सांगितलं. मग दगड कशाला उपटला, असं तिनं विचारलं, तेव्हा ते टोपी घालून समितीच्या बैठकीला निघून गेले.

दर पंधरा ऑगस्टला मायला घरून वाजतगाजत नेत. चौथऱ्यावर, खांबाच्या पायथ्याशी खुर्ची ठेवत आणि तिला हार घालत. पहिल्या वर्षी ती बसली. घरी येऊन तिनं पायावर पाणी घेतलं आणि मला म्हणाली, "मले माह्याच उरावर बसवलं वं लोकाईनं."

पुढच्या वर्षापासून ती जाळीबाहेर जमिनीवर बसायला लागली. भाषणांत तिच्या साधेपणाचं कौतुक व्हायला लागलं. वकील दिसले की ती आपली जागा मागायची, आणि ते हात जोडून, वहिनी, सगळं तुमचंच आहे, म्हणायचे. तिला पूजेला बसायला जागा हवी आहे अशी त्यांची समजूत होती. इतकी शिकलेली माणसं, पण काय पाहिजे ते एकानंही तिला धड विचारलं नाही.

ती श्रावणात तापानं गेली, सकाळी. ताप चढला म्हणून मी धनजहून आलेलीच होते. झेंडावंदन चार दिवसांवर आलं होतं. पाऊस सारखा लागून होता. आमच्यात जीव गेला की लगेच बसवावं लागतं, अंग ताठलं तर मांडी वळत नाही. काकूनं आणि मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, मांडी घातली, लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. मान मात्र सारखी पुढे पडायची, म्हणून ती मी हातानं धरून ठेवली. जाळीच्या किल्लीसाठी एकाला सायकलवर मंगरूळपीरला पाठवलं. आम्ही वाट बघत बसलो आणि माझ्या हातात तिची मान गार होत गेली.

दुपारी मोटारीनं वकील आले, चिंब भिजलेले. किल्ली त्यांच्या हातातच होती. मायच्या पायांवर डोकं ठेवून ते रडले. मग काकांनी त्यांना हळूच सांगितलं की आता चौथरा फोडावा लागेल. आम्ही तिला कुठे बसवणार आहोत हे वकिलांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांचा चेहरा उतरला. खांबाचा पाया नेमका तिथेच पुरुषभर खोल उतरलाय, म्हणाले. खड्डा घेतला तर खांब आडवा होईल. चार दिवसांवर झेंडावंदन, मुंबईहून मोठे पुढारी यायचे.

ओसरीवर सगळा गाव बसला होता. मी आतूनच म्हणाले, "पाडा खांब."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बाप त्या झेंड्यापायी गेला तुहा," ते म्हणाले. "अन् तूच म्हनतं खांब पाडा?"

"मायनं काय कमी केलं त्या झेंड्यापायी?"

माणसं उठली, कुदळी घेतल्या आणि जाळीच्या मागे खणायला गेली.

आमच्यात मयतीबरोबर बायका नाल्याच्या अलीकडेच थांबतात. मी पुढे गेले आणि मला कोणी अडवलं नाही. खड्ड्यात पाणी भरत होतं. दोघं टोपलीनं उपसत होते, आणि टाकलेलं मीठ बघता बघता विरघळत होतं. त्या चिखलात तिला बसवलं, रिवाजाप्रमाणे उत्तरेला तोंड करून. समोर जाळी, आणि जाळीपलीकडे बाबांचा पाठमोरा ओटा. घरातून निघणाऱ्या बाबांची पाठ तिनं जन्मभर पाहिली होती. तिचा काळा दगड तिथेच गवतात पडला होता. तो मी उचलून तिच्या मातीवर ठेवला. मला रडू नाही आलं, संताप आला. तो अजून गेलेला नाही.

घरात सुतक होतं. पण लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक असतं, ते फिटलं, तेव्हा खुर्चीवर हिनं बसावं, असा काकांनी तोडगा काढला. मी नाही म्हणून सांगितलं. गेले मात्र, आणि जाळीबाहेर ओल्या मातीशी उभी राहिले. झेंडा चढला. पुढारी म्हणाले की वीरपत्नी अखेर पतीच्या शेजारी विसावल्या. कोणी तरी तसं लिहून दिलं असणार.

मग झेंडूचा हार आला. वकिलांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मी मानेनंच नाही म्हटलं. हार घेऊन पुढारी जरा वेळ तसेच उभे राहिले. खुर्ची दर वर्षीच्या जागी, खांबाच्या पायथ्याशी, बाबांच्या डाव्या हाताला मांडलेली होती. त्यांनी तो हार त्या रिकाम्या खुर्चीला घातला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.