काचेच्या पेटीतली रेघ

मुलांनो, परवा फोनवर धाकटीने सांगितलं की तिकडच्या विद्यापीठात शाळेच्या मुलांनी काचेची पेटी मांडून आकाशातून येणाऱ्या कणांच्या वाटा पाहिल्या. "आजी, तुला नाही समजायचं," असंही ती म्हणाली. समजतं, बाई. ती पेटी मी तुझ्या आईच्या लग्नाआधीच पाहिली आहे, आणि तीही अशा माणसाबरोबर, की त्याच्याइतका प्रामाणिक आणि म्हणूनच त्याच्याइतका त्रासदायक मनुष्य साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात झाला नसेल. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

मुधोळला हे सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवत, मी इंग्रजी. मूळचे जैनथकडचे, आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणारे. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगायची नाही, हा सरांचा नेम. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी अणूत काय असतं ते विचारलं. एका मुलीने घडाघडा उत्तर दिलं. साहेब खूश झाले, तेवढ्यात सर मागून म्हणाले, "हे पुस्तकात आहे, साहेब. मी पाह्यलं नाही." हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे जेवताना तुमचे आजोबा काश्मीरची सरोवरं हिवाळ्यात गोठतात असं सांगू लागले, तर यांनी घास थांबवला. "तुमी पाह्यलं का, भाऊ? नाही ना? मंग 'म्हणतात' म्हणा." पुढे आठवडाभर आजोबा त्यांना पाहिलं की म्हणत, "आज मंगळवार आहे म्हणतात."

दुसरा नेम हजेरीच्या क्रमाचा. सहलीतले शेंगदाणेसुद्धा रोल नंबरने वाटायचे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीत यादी वाचली आणि नवरदेवाच्या मामांनी हात वर करून "हजर" म्हटलं, तेव्हा कुठे त्यांच्या पानात जिलेबी पडली. व्याही आठ दिवस रुसले होते. त्या यादीत सरांचं स्वतःचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

ते निवृत्त व्हायच्या वर्षी हैदराबादच्या एका विद्यापीठाने शाळांना एका दिवसासाठी बोलावलं. मुलांनी आपल्या हातांनी पेटी मांडायची आणि कणांच्या वाटा पाहायच्या. पत्र घेऊन सर माझ्याकडे आले. "बाई, इतकी वर्षं पोरांना 'मी पाह्यलं नाही' म्हणून राह्यलो. एकदा पाहून घेतो, मंग सोडतो नोकरी." आम्ही अकरा मुलं घेऊन बासरहून गाडी धरली.

पेटीच्या तळाशी काळा पत्रा, वर स्पिरिटमध्ये भिजवलेली नमद्याची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी, आणि पत्र्याखाली पाणी न होता नुसताच उडून जाणारा कोरडा बर्फ. पेटी शांत राहिली की आत धुकं बसतं, आणि कण गेला की त्यात पांढरी रेघ उमटते. शेजारच्या टेबलांवरून आरोळ्या उठू लागल्या. आमच्या पेटीत काहीच नाही, कारण दर दोन मिनिटांनी सर झाकण उचलून विचारत, "दिसून राह्यलं का काही?"

शेवटी मी म्हटलं, "सर, झाकण ठेवा. सारखं उघडल्यावर भात तरी शिजतो का?"

"बाई, हे फिजिक्स आहे."

"असू द्या. ठेवा झाकण."

तिथला तरुण प्राध्यापक हसून म्हणाला, "मॅडम बरोबर सांगताहेत." मग मीच झाकणावर हात ठेवून उभी राहिले. धुकं बसलं आणि सरांनी हजेरी सुरू केली. रोल नंबर एक! टॉर्चच्या उजेडात एकेक मूल वाके, ओरडे आणि हलायचं नाव घेत नसे. "गेली! सर, आत्ता गेली!"

"सर, बर्फ संपून राह्यला," एक मुलगी कळवळून म्हणाली. "तुमी काऊन नाही पाहत आधी?"

"माझा नंबर आला का?"

"तुमचा नंबरच नाही ना, सर!"

"मंग थांबतो. बाई, आता तुमी."

मी वाकले. एक रेघ सरसर गेली. मोहाने आणखी एकीची वाट पाहिली, तीही गेली. मग सर वाकले. धुकं विरलं होतं. खाली नुसता काळा पत्रा. बर्फ विचारायला मी प्राध्यापकाकडे धावले, पण त्या दिवसाचा बर्फ संपला होता.

ते बराच वेळ तसेच वाकून पाहत राहिले. मग सरळ झाले, पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हणाले, "जसं दिसलं तसं काढा. बाई, तुमी पण." परतीच्या गाडीत प्रत्येकाला शेजारी बसवून ते विचारत होते. जाड होती का बारीक? सरळ गेली का वाकली? किती वेळ टिकली? "सर, रुईतून धागा ओढल्यावानी," एकजण म्हणाला. सरांनी डोळे मिटून मान हलवली. माझ्या दोन रेघांबद्दल त्यांनी तितक्याच बारकाईने विचारलं, आणि मला वर मान करवेना.

निरोपाच्या दिवशी त्यांनी ते कागद माझ्या हाती दिले. "शाळेत हरवतील. तुमच्याकडं सगळं जाग्यावर राह्यतं." त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बारा कागद माझ्या कपाटात आहेत. पेन्सिल फिकी झाली आहे, पण रेघा दिसतात.