आठ पाकळ्यांचं विष

रोझविटा पावेलेकला मोजायची खोड होती. जिन्याच्या पायऱ्या, ट्राममधल्या लाल टोप्या, प्रोफेसर एका बैठकीत कितीदा ‘मूलतः’ म्हणाले, सगळं ती मनातल्या मनात मोजायची. विचारलं की आकडा सांगायची, त्यामुळे कुणी फारसं विचारत नसे. तिचा बाप डॉर्टमुंडच्या कोळशाच्या खाणीत होता आणि ती स्वतः बाविसाव्या वर्षी संशोधन संस्थेच्या अंधाऱ्या खोलीत लागली, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फिल्म धुवायला. “बाप जमिनीखाली अंधारात, लेक जमिनीवर अंधारात. आमच्या घराण्याला उजेड सोसतच नाही,” असं म्हणून ती आपल्याच विनोदावर खो खो हसायची.

पुढे फिल्म गेली आणि अंधारी खोली कॉफीची खोली झाली. रोझविटा मात्र गेली नाही. ती नमुने गोठवायला शिकली. तांब्याची इवलीशी जाळी, तिच्यावर पाण्यात मिसळलेल्या प्रथिनाचा थेंब, तो कागदाने टिपायचा आणि पापणी लवायच्या आत जाळी अतिथंड द्रवात बुडवायची. बर्फ जाड झाला तर काही दिसत नाही, फार पातळ झाला तर कणच राहत नाहीत. हे करायला आता यंत्रही होतं. तरी यंत्राने रडवलेली मंडळी शेवटी रोझविटाच्याच टेबलाशी यायची.

त्यातलीच एक नुर्जान ताशदेलेन. तिचा आजा तुर्कस्तानातून त्याच खाणीत आलेला. ती रोझविटाला ‘आब्ला’, म्हणजे ताई म्हणायची आणि घरून वांग्याची भाजी आणून बळेबळे खायला घालायची. आतड्याच्या पेशींना भोकं पाडणाऱ्या एका जीवाणूच्या विषाचा आकार शोधायचा, हे तिचं पीएचडीचं काम. दोन वर्षं हाती काही लागलं नव्हतं.

आणि सोमवारी लागलं. पडद्यावर पाकळ्यांचं एक गोल कडं उमटलं. प्रोफेसर व्हेस्टरहोफ धावत आले, अकरा वाजता शॅम्पेन फुटली आणि नुर्जानने पुढच्या गुरुवारी व्हिएन्नाच्या परिषदेत हे मांडायचं ठरलं. कडं जरा धूसर होतं. “आणखी चित्रं घेतली की उजळेल,” प्रोफेसर म्हणाले. या विषाच्या साऱ्या भावंडांना आठ पाकळ्या असतात, म्हणून यालाही आठच, असं संगणकाला आधीच बजावून ठेवलेलं होतं. तो बिचारा सांगितल्याप्रमाणे आठ दाखवत होता.

रोझविटाने हातातला ग्लास खाली ठेवला आणि खोड म्हणून मूळ चित्रातल्या एका कणाच्या पाकळ्या मोजल्या. सात. दुसऱ्याच्या मोजल्या. सात. अठरा कण मोजले, अठराही सातचेच. हे पात्र तिच्या ओळखीचं होतं. ते विष नव्हतंच. ज्या जीवाणूंच्या पोटात हे लोक विष तयार करवून घेतात, त्यांचं स्वतःचं हे पिंपासारखं प्रथिन. न बोलावता विषाबरोबर येतं आणि फोटोत पुढे उभं राहतं.

सांगावं तर पोरीची दोन वर्षं पाण्यात. न सांगावं तर व्हिएन्नात भर सभेत तिचं हसं. एवढंच असतं तर रोझविटाने तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. पण यात आणखी एक जुनी गोष्ट अडकली होती, आणि ती काढायची तिला मनापासून भीती वाटत होती.

जेवणानंतर तिने लोखंडी कपाटातून एक पिवळट पाकीट काढलं, नुर्जानला हाताला धरलं आणि दोघी प्रोफेसरांच्या खोलीत गेल्या.

“नुर्जान, संगणकाला आठाऐवजी सात सांग.”

“आब्ला, शॅम्पेन चढली का तुला?”

“सांग तर खरं.”

दोन तासांनी उत्तर आलं. धूसर कडं लख्ख झालं होतं. सात पाकळ्या, एकावर एक दोन कडी, अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखी. नुर्जानने ते पिंप लगेच ओळखलं. “संपलं,” ती म्हणाली. “दोन वर्षं मी पाहुण्याचाच फोटो काढत होते.”

प्रोफेसरांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. रोझविटाने टेबलावर ठेवलेले दोन जुने फोटो ते पाहत होते. एकाच कणाचे. फोटोचा कागद थोडाथोडा फिरवत त्याच्यावर पुन्हापुन्हा प्रकाश टाकायची तेव्हाची पद्धत. एकात तो आठदा फिरवलेला, नुसता धुरकट. दुसऱ्यात सातदा, रेखीव. मागे रोझविटाच्या अक्षरात तारीख होती, मार्च १९८६.

“हा माझा कण आहे,” प्रोफेसर सावकाश म्हणाले. “याला आठ पाकळ्या आहेत म्हणून मी एप्रिलमध्ये भाषण दिलं. तीनशे माणसं हसली मला.”

“हो.”

“म्हणजे तुम्हाला महिनाभर आधी ठाऊक होतं, पावेलेकबाई?”

“ठाऊक होतं. तुम्ही आठदा फिरवा म्हणालात, मी फिरवला. मग माझ्या मनाने सातदा फिरवला. आणि मूग गिळून बसले.”

“पण का?”

“तुम्ही वर्षभरात मला एकदाही सुप्रभात म्हणाला नव्हतात, प्रोफेसरसाहेब. खिडकीतून फिल्म सरकवायची आणि ‘लवकर’ म्हणायचं, बस्स. मी म्हटलं, जाऊ दे याला, आपटू दे तोंडावर. त्याची तेहतीस वर्षं लाज वाटतेय मला. खरंच वाटतेय.”

प्रोफेसर आधी लाल झाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “एका सुप्रभातापायी!” ते म्हणाले. “आणि मी समजत होतो, माझं गणित कच्चं होतं!”

“तेही होतंच.”

आता नुर्जानही रडता रडता हसली. “व्हिएन्नाला नाही म्हणून कळवते,” ती नाक पुसत म्हणाली.

“अजिबात नाही,” प्रोफेसर म्हणाले. “पाहुण्याला हाकलायचा उपाय मला चांगला ठाऊक आहे, त्यातच माझी पुढची दोन वर्षं गेली. तुझं विष सापडेल. गुरुवारी तू पाहुणा कसा पकडलास ते सांग. पहिलं चित्र माझं लाव, हे आठाचं, माझ्या नावानिशी. आधी मला हसू देत. मला सवय आहे.” त्यांनी दुसरा फोटो उचलला. “आणि त्याच्याशेजारी हे. खाली लिही, सात मोजणारी: रोझविटा पावेलेक, १९८६.”

रोझविटा दचकली. “म्हणजे मी गप्प बसले, हे जगाला कळणार.”

“कळू दे. तुम्ही का गप्प बसलात, तेही मीच उभा राहून सांगेन.”

रोझविटाने दोन्ही फोटो एकदा नीट पाहिले आणि नुर्जानपुढे सरकवले.

“लिही,” ती म्हणाली.