अण्णांची पृथ्वी

"अक्का, आज पृथ्वी मुगीतु! उडवून टाका!"

दारातूनच अण्णांनी असं फर्मावलं, की मी ओळखायची, हुबळीहून येताना बसमध्ये कुणीतरी त्यांना ढकलून जागा पकडलीय. धारवाडात सुभाष रोडवर माझं टायपिंगचं दुकान. अण्णा अमरगोळच्या बाजार आवारातून निवृत्त झालेले आणि आता विज्ञानकादंबरी लिहून माझ्याकडं टाइप करायला आणणारे. परग्रहावरचे पाहुणे अमरगोळला कांद्याच्या लिलावात उतरतात आणि माणूसजात ठेवायची की नाही ते ठरवतात, अशी ती गोष्ट.

"अमरगोळलाच का हो?" मी विचारलं.

"यान लावायला एवढी जागा दुसरीकडं कुठाय?"

शेवट मात्र सारखा बदलायचा. कुणी रांगेत घुसलं, की मुगीतु, संपली पृथ्वी. कुणी उठून जागा दिली, की "इरली अक्का, राहू दे बिचारी." उडवायची मी, जोडायचीही मीच.

"अण्णा, एकदाच काय ते ठरवा की!"

"यान कुणीही बनवेल हो. रांगेत मुकाट उभी राहणारी माणसं दाखवा, मग सभ्यता म्हणा."

पण तुम्ही त्यांना नीट पाहिलं असतंत, तर एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असती. पृथ्वी उडवली त्या दिवशी त्यांना चहा जात नसे.

कॉम्प्युटरपायी माझ्या दुकानात चपला बाहेर काढायचा नियम. कादंबरी छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी अण्णा बाहेर गेले आणि अनवाणी परत आले. कोऱ्या चपला गायब!

"मुगीतु. आता पक्कं."

मी निमूटपणे पृथ्वी जाळली. माझ्या गुलाबी स्लिपर घालून ते फटक फटक करत निघाले, तेव्हा मला हसू आवरेना. चहा तसाच राहिला होता.

सकाळी दुकान उघडतेय तोच एक गृहस्थ चपला घेऊन हजर. "सेम होत्या हो, चुकून घालून गेलो. रात्रभर चैन नाही."

मी छापखान्याला थांबायला सांगितलं आणि चपला पिशवीत घालून हुबळीत केशवापूरला अण्णांच्या घरी निघाले. त्यांचा चेहरा कसा फुलेल, तेच बसमध्ये डोळ्यांपुढे येत होतं.

त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. कडेला माझ्या गुलाबी स्लिपर, नीट जोडून ठेवलेल्या. पहाटे झोपेतच गेले म्हणे.

स्लिपरशेजारी मी त्यांच्या चपला ठेवल्या आणि तिथंच भिंतीला टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. जळालेलं प्रकरण काढलं, त्यांचंच आधीचं जागेवर लावलं आणि छापखान्याला पाठवताना मोठ्यानं म्हटलं, "इरली, अण्णा."