यंत्र आणि वाळे

लढाई संपली आणि नागपुरात लष्कराच्या उरलेल्या सामानाचे लिलाव सुरू झाले. आमच्या ठेकेदाराने त्यातून जमिनीतले सुरुंग शोधायचं यंत्र उचललं. गाडलेल्या जुन्या नळांची लाइन कुठून गेली हे नकाशे सांगत नव्हते, आणि नकाशे काढणारे साहेब केव्हाच विलायतेला पोचले होते. मी नळांचा मिस्त्री. "शेतात नेऊन हात बसव," म्हणत ठेकेदाराने शनिवारी ते माझ्या गळ्यात मारलं.

पाठीवर बॅटरीचं ओझं, कानांना डबे, हातात लांब दांडा आणि त्याच्या टोकाला तव्याएवढी चकती. पारशिवनीजवळच्या आमच्या शेतात मी असा उतरलो तेव्हा शेजारचे बैल बुजले. मलाही ते यंत्र पहिल्या तासातच आवडेनासं झालं. कानात सतत बारीक गुणगुण, आणि खाली लोखंड आलं की तीच एकदम किंचाळायला लागते. मोडका फाळ सापडला, बैलाची नाल सापडली, कुणाच्या तरी अडकित्त्याचं पातं सापडलं. जमिनीने एकदा गिळलेलं असं ओरडून परत मागू नये, असं वाटत राहिलं. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो.

दुपारी बायको भाकर घेऊन आली. यंत्र कशाला वाजतं, तिने विचारलं. धातूला, मी म्हणालो.

"चांदीले बी?"

मी हो म्हणून बसलो आणि जीभ चावली.

तीन वर्षांपूर्वी आमची दीड वर्षाची मुलगी तापाने गेली. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत. तिला आम्ही याच शेतात, बांधावरच्या बोरीखाली पुरलं. बायका मातीला येत नाहीत. निघताना हिने एकच विनवलं होतं, तिच्या पायातले चांदीचे वाळे राहू द्या. खड्ड्यापाशी काका म्हणाले, "मातीत धातू जाऊ देऊ नये गा, लेकरू अडकून राह्यते." मी वाळे काढले. घरी न्यायची छाती झाली नाही, म्हणून परतताना नदीत सोडले. आणि घरी सांगितलं, आहेत पायात.

"मले ऐकू द्या जी," ती म्हणाली.

"खोल आहे वं. तेवढ्या खाली नाही पोचत हे."

"तुम्ही काहून टाळून राहिले?"

ती बोरीखाली जाऊन बसलीसुद्धा. मी डबे तिच्या कानांना लावले आणि चकती जमिनीवर धरली. ती डोळे मिटून ऐकत होती. हळूहळू तिचा चेहरा उतरायला लागला, आणि मला ते बघवेना. माझ्या पायात मिलिटरीचे बूट होते, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले. मी उजवा पाय हळूच चकतीजवळ सरकवला.

ती शहारली. "वाजून राहिले," एवढंच म्हणाली. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरलं. मी पुण्य करतो आहे की पाप, मला कळेना. तसाच उभा राहून पोटरीत गोळे आले. शेवटी पाय काढून घ्यावा म्हणून टाच जराशी उचलली, तर तिने डोळे न उघडता हात पुढे केला आणि माझा बूट टाचेशी घट्ट धरला.

"हलू नका जी," ती म्हणाली. "आणखी थोडं ऐकू द्या."