पलीकडच्या फुटपाथवरून

आमच्या सांगलीच्या कट्ट्यावर जोगळेकर एक हकिकत रंगवून सांगतात : ऑस्ट्रेलियात आपला माणूस समोरून आला, की गोरे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जातात. जोगळेकर तेथे कधी गेलेले नाहीत. मी गेलो आहे, आणि करोनाने आम्हा उभयतांना तेथे चांगले अडकवूनही ठेवले होते. तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी माझे ऐकावे.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागात आमची कन्या मुग्धा राहते. आम्ही उतरलो तेव्हा तिकडचा उन्हाळा सरत होता. थोड्याच दिवसांत विमाने थांबली, दुकाने मिटली, आणि बाहेर पडण्याची मुभा उरली ती सामान आणण्यापुरती व फिरण्यापुरती. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सांगलीतच झाली होती; रोज चालले नाही तर पाय आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून मास्क लावून आम्ही सकाळी निघत असू. सौ.च्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी.

तेथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला मोठ्याने ‘थँक यू’ म्हणावे. न म्हटल्यास कोणी रागावत नाही. आपल्यालाच चुकल्यासारखे वाटते. नेचर स्ट्रिपवर (घरापुढच्या गवताच्या पट्टीवर) कोणी खोक्यात लिंबे ठेवली असतील, तर ती वाटसरूंसाठी असतात. निःसंकोच घ्यावीत, पण पिशवी भरू नये.

कोपऱ्यावरच्या घरातील एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई रोज समोरून येत, आणि आम्हाला पाहताच रस्ता ओलांडत. एके सकाळी सौ. थांबली.

“अहो, घरी चला. आपल्याला बघून वाट बदलतात, तिथं कशाला चालायचं?”

“आई, डिस्टन्स ठेवतात गं सगळेच,” मुग्धाने घरी समजावले. सौ.ला ते पटेना. तिने चालणे सोडले. आठवड्याभरात खुर्चीतून उठताना ती पुन्हा माझा खांदा शोधू लागली.

मुग्धा आज सांगते, की बाबा त्यानंतर भांडायलाच निघाले होते. हे साफ खोटे आहे. मी सौ.ला आग्रहाने बाहेर काढले, आणि त्या बाई दिसताच त्यांच्या आधी आम्हीच पलीकडे गेलो, इतकेच. स्वाभिमान आपल्यालाही असतो, हे दिसलेले बरे.

बाई जागीच उभ्या राहिल्या. छातीवर हात ठेवून त्यांनी हाक दिली, “थँक यू सो मच! माझ्या नवऱ्याची केमो चालू आहे, म्हणून जपावं लागतं. पण तुम्ही कशाला गेलात पलीकडे? काठीवाल्या बाईंना त्रास नको, म्हणून तर रोज मीच जाते!”

मी सौ.ला मराठीत सांगितले. तिने काठी उंच करून हलवली.

त्यांचे नाव जोन. पुढे दोघी रोज दोन फुटपाथांवरून बोलू लागल्या, सौ. मराठीत, जोन इंग्रजीत, आणि मला मध्ये पडू देत नसत. जोनच्या घरासमोरची लिंबे आमच्याकडे आली, त्या लिंबांचे गोड लोणचे त्यांच्याकडे गेले. त्या दिवसांतली रीत अशी : बरणी पायरीवर ठेवावी, बेल वाजवावी आणि फाटकापर्यंत मागे यावे. दार उघडेपर्यंत मात्र थांबावे. माणूस दिसल्याशिवाय परतू नये.

खास विमानाने परतण्याचा दिवस आला. जोन पलीकडे उभ्या होत्या. शेजारी खुर्चीत पांघरुणात गुंडाळलेले त्यांचे यजमान केन. केननी रिकामी बरणी उंचावली. “संपलं! आता कोण देणार?”

“मुग्धाला शिकवलंय!” सौ. मराठीत ओरडली. मग जोनने मास्क हनुवटीखाली ओढला. सौ.नेही ओढला. इतक्या महिन्यांत दोघींनी एकमेकींचा चेहरा पाहिला नव्हता. रस्ता मध्ये तसाच होता.

परवा जोगळेकर आमच्या ओसरीवर बसून तीच हकिकत पुन्हा सांगू लागले. मी सरसावलो, तोच सौ.ने माझ्या हातावर हात ठेवला.

“ओलांडतात ना, भाऊजी,” ती म्हणाली. “आणि पलीकडे जाऊन थांबतात.”

मग चहा ठेवायला ती उठली. काठी भिंतीशीच होती.