दहा लाख एक

रावजी मास्तरांचा आवाज काढायचा तर नाक चिमटीत धरायचं आणि आकडा हजेरी घेतल्यासारखा पुकारायचा: "दहा लाख एक!" गंगापूर रोडमागच्या आमच्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही हे जमायचं.

एकोणऐंशी साली वसाहतीत जयंतीच्या दोन कमिट्या होत्या. दोन मिरवणुका, दोन कर्णे, आणि रुसवे मोजायची सोय नाही. मास्तरांना एकच मिरवणूक हवी होती. त्यांनी दोन्हीकडच्यांना बोलावलं आणि समाजमंदिराच्या फळ्यावर लिहिलं: १०००००१.

"उलट वाचा, सुलट वाचा, तोच. आणि माझ्या मते ही मूळ संख्या. कुण्णाला भागता यायची नाही! सभेत सिद्ध करतो. केलं, तर हाच आकडा एका फलकावर, आणि मागे सगळे."

"बघू की," लोक म्हणाले. मास्तरांना तेवढं पुरलं.

हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. पुढे जायला नको, कारण दोन अवयवांतला एक तरी हजाराच्या आत असणारच. शंभराच्या आतल्या मास्तरांनी घेतल्या, वरच्या पुंजारामला दिल्या. पुंजाराम जकात नाक्यावरचा कारकून, मास्तरांचा सिन्नरकडचा लंगोटीयार, आणि एका कमिटीचा अध्यक्षही.

रोज संध्याकाळी तो मास्तरांकडे यायचा, त्यांच्या बायकोच्या, लताबाईंच्या हातची भजी चेपायचा, लांबलचक ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, "नाय जात, मास्तर. लय चिवट हाय."

"अहो ऐकलंत का," मास्तर बायकोला हाक मारायचे, "पुंजाला अजून वाढा!"

सभेत मास्तर फुलले होते. "तीनने? अंकांची बेरीज दोन, नाही जात. सातने? नाही." सत्त्याण्णवपर्यंत आले आणि लग्नात नवरदेव दाखवावा तसा हात केला. "पुढचं आमचा पुंजाराम सांगेल."

पुंजारामने खडू घेतला आणि लिहिलं: १०१ × ९९०१.

"अगं बाई, गुणून तरी बघा कुणी!" बायकांमधून कुसाबाई ओरडली. गुणलं. बरोब्बर दहा लाख एक.

"जातोय की," पुंजाराम म्हणाला. "मंग आता दोन मिरवणुका. आमची आधी!"

त्याच्या बाजूच्यांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "पुंजा, हे सापडलं कधी?"

"पैल्याच दिशी. शंभराच्या वर पैला नंबर एकशेएकचाच ना!"

"मग महिनाभर..."

"वैनीची भजी लय झ्याक व्हती."

लताबाई पदर सावरत उठून गेल्या.

जयंतीला दोन मिरवणुका निघाल्या. मास्तर एकीतही नव्हते. दाराशी मांडीवर पाटी घेऊन ९९०१ भागत बसले होते. पुंजारामचे लेझीमवाले समोर थांबले. मधून तोच ओरडला, "काय मास्तर, येऊ का हात लावायला?"

मास्तरांनी मान वर केली नाही.

"नको. हा शंभराच्या आतच तपासून होतो. माझा मी करीन."